तुझ्या सायकलीच्या जोडावरची रेघ

बाळाराम, तुझ्या बाराव्याला मी पोशीरला आलो होतो. पानं मांडायला वेळ होता, म्हणून माणसं अंगणात घोळक्याने उभी होती आणि जो तो एकच सांगत होता, "सायकलीवरून पडले आन् जागच्या जागी गेले." मी मात्र पडवीत तुझ्या सायकलीपाशी उकिडवा बसलो होतो. पुढचं चाक लंबगोल झालेलं, ते धरणारा चिमटा मागे वाकलेला. हँडलखालची उभी नळी जिथे तिरक्या नळीला मिळते, त्या जोडावर राखाडी रंगात केसाएवढी काळी रेघ होती. मी तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

नख फिरवून बघायचं तूच शिकवलंस मला. तुझी सगळी नोकरी ठाण्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतली खोट शोधणं हे तुझं काम होतं, आणि निवृत्त झाल्यावरही तू ते सोडलं नाहीस. वाण्याकडची तूरडाळ, लग्नाचं स्थळ, डांबराचा नवा रस्ता, सगळं तू नखाने चाचपून बघायचास. त्यामुळे ती रेघ दिसल्यावर त्या दिवशी माझं पान तसंच राहिलं. शेजारच्या पाटावर बसलेल्या तुझ्या चुलतभावाला वाटलं, मास्तरांना फार लागलंय. लागलं तर होतंच. पण डोक्यात दुसरंच घोळत होतं. तू पडलास म्हणून जोड तडकला, की जोड तडकला म्हणून तू पडलास?

सगळ्या गावाने तुझं मरण मान्य केलं होतं. मी केलं नव्हतं.

आपली ओळखसुद्धा संशयातूनच झाली, आठवतं? मी शाळेतून निवृत्त व्हायच्या बेतात होतो आणि कर्जतच्या गडबडीतून बाहेर, चार झाडं लावता येतील अशी जागा शोधत होतो. पोशीरच्या अलीकडे एजंट मला एक हिरवागार तुकडा दाखवत होता. तू सायकलवरून चालला होतास. थांबलास, एक पाय बांधावर टेकवलास आणि म्हणालास, "हितं घर बांदनार? मंग आषाढात येऊन बगा येकदा." एवढं बोलून निघूनही गेलास. एजंट म्हणाला, "त्याला त्याची जागा विकायची असेल साहेब." मलाही अगदी तेच वाटलं होतं.

तरी आषाढात मी आलो. त्या हिरव्यागार तुकड्यातून ओढा वाहत होता आणि एजंटने रोवलेला पाटीचा खांब पाण्याच्या मध्यभागी तिरका होऊन डुलत होता. तू छत्री घेऊन बांधावर उभा. "बांदा आता," म्हणालास. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "मला सांगण्यात तुमचा काय फायदा?" तू छत्रीआडून माझ्याकडे नीट बघितलंस. "मास्तर, तुमी तर माज्याहून वाईट." त्या दुपारी तुझ्या घरी वहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली, आणि 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. निवृत्तीचे सगळे पैसे त्या ओढ्यात बुडणार होते, ते तू वाचवलेस, आणि मी कर्जतमध्येच राहिलो. हे मी तुला तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर "आता काय पायजे तुला?" असं विचारलं असतंस.

म्हातारपणी मी सायकल धरली तीही तुझ्यामुळेच. दर बुधवारी तू पोशीरहून नेरळवरून कर्जतला यायचास, चहा घ्यायचास, पातेल्यातलं दूध हुंगायचास, आणि मग आपण चौकच्या नाहीतर खालापूरच्या रस्त्याला लागायचो. चढावर तू पुढे, बोलण्यात मी पुढे.

तुझी ती सायकल भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतली. कोणी साहेब बदली होऊन चालले होते आणि अडगळ वाटून टाकत होते. जुनी, पोलादी फ्रेमची, परदेशी बांधणीची सायकल. दुसरा कोणी असता तर मिळाली तशी घेऊन चालता झाला असता. तू साहेबांना विचारलंस, "येवढी चांगली हाय तर देता कशाला?" ते बिचारे म्हणाले, "ट्रकमध्ये जागा नाही हो." तू ट्रक बघायला गेलास.

फ्रेम आतून धडधाकट होती, पण रंग पोपडे धरून उडत होता आणि त्याखाली गंज. तिला नवा रंग द्यायचा हे ठरलं. कुठला, ते मात्र ठरेना. मी म्हणालो, आधी इपॉक्सीचा प्रायमर, त्यावर हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, घालून मारायचा स्प्रेचा पक्का रंग, आणि वर लॅकरचा पारदर्शक थर. थर पातळ बसतो, जोडांच्या कडा बुजत नाहीत, आणि कुठे खरचटलं तर तेवढ्यापुरतं घरी ब्रशने लावता येतं. तू म्हणालास पावडर कोटिंग. कोरडी पावडर उडवून भट्टीत भाजायची, मग ती वितळून पोलादाला घट्ट धरते.

"स्प्रेवाला थिनर किती वततो, हार्डनर किती घालतो, बगाया जातो का कोन?" तू म्हणायचास. "दोन थर सांगंल, येक मारंल. आन् पुट्टी लावून खड्डे भरंल ते येगळंच. भट्टीत पुट्टी टिकत नाय मास्तर. फुगून भायेर येते. लबाडी करायचीच झाली तर पावडरवाल्याला जड जातं."

"पण पावडरचा थर जाड," मी म्हणायचो. "एक टवका उडाला की त्याच्या कडेने ओल आत शिरते. गंज आतल्या आत पसरतो, वरून पत्ताही लागत नाही."

हे मात्र तुला झोंबलं. वरून पत्ता न लागणारी कुठलीही गोष्ट तुला सोसत नसे. दोन बुधवार तू रंगाचा विषयच काढला नाहीस. तिसऱ्या बुधवारी पोलादाच्या दोन पट्ट्या घेऊन आलास. एकीवर पावडर, दुसरीवर माझा स्प्रेचा रंग. दोन्हींवर खिळ्याने पोलाद दिसेपर्यंत फुली मारायची आणि पावसाळाभर तुझ्या गोठ्याच्या पत्र्याला टांगून ठेवायच्या, अशी अट घातलीस.

नवरात्रात आपण त्या उतरवल्या. तुझ्या पट्टीवर फुलीच्या कडेने गंज थोडा आत सरकला होता, पण बाकीचा थर किल्लीने खरवडूनही हलेना. माझ्या पट्टीवर गंज फुलीपुरताच थांबला होता, पण किल्लीने रंग ओरबाडून निघाला. दोघंही म्हणालो, बघ, मीच जिंकलो. तू म्हणालास, "माज्या पट्टीवर फुली खोल मारलीस तू." मी म्हणालो, "तुझी पट्टी श्रावणात वळचणीखाली सरकलेली मी स्वतः पाहिली आहे." वहिनी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "येकेक पट्टी गळ्यात घाला आन् दोगं बसा पुढच्या पावसात. मंग कळंल कोन टिकतो."

सायकल तुझी, म्हणून पावडर ठरली. माझी एकच अट तू मान्य केलीस, की खाली जस्ताचा प्रायमर हवा. खोपोलीच्या बाजूला जगदीश नावाच्या माणसाची गेट-ग्रिल रंगवायची शेड आहे, तिथे फ्रेम दिली. रंग तू फिका राखाडी घेतलास. मी विचारलं, असा मेलेला रंग कशाला? "गंज फुटला तर दिसला पायजे," म्हणालास. फ्रेम न्यायला गेलो तेव्हा मी जगदीशला विचारलं, "प्रायमर मारला ना?" तो म्हणाला, "मारला, मारला." दोनदा म्हणाला, म्हणून मला शंका आली. परतीच्या वाटेवर तुला तसं बोललो, तर तू म्हणालास, "मारला आसंल रं." तुझ्या तोंडून 'आसंल' ऐकून मी चमकलो होतो. तेव्हा वाटलं, हा म्हातारा होत चालला.

आता त्या बुधवारचं. सकाळी तुझा फोन आला, "आज नको रं मास्तर. भात कापाया मानसं येनार हायेत." मी बरं म्हटलं. आणि दुपारच्या आत तुझ्या कविताचा फोन आला. रडत नव्हती, नुसतं बोलत होती. बाबा गेले, काका. भिवपुरीच्या पुढे, कर्जतच्या रस्त्यावर. एका टेंपोवाल्याने दवाखान्यात पोचवलं, पण तोवर संपलं होतं. हृदयविकार म्हणाले.

तुझं भात पोशीरला, आणि तू कर्जतच्या वाटेवर. म्हणजे मला खोटं सांगितलंस. आणि हृदयविकार म्हणजे तरी काय? ज्या डॉक्टरांनी तुला तपासलं त्यांनी तू जिवंत असताना तुला कधी पाहिलेलं नव्हतं. पडून डोकं आपटलं असेल, घाबरून हृदय बंद पडलं असेल. आणि तू मुळात पडलास कशामुळे, हे कोणीच विचारत नव्हतं. मी मनातल्या मनात विचारत राहिलो आणि बाराव्याला मला ती रेघ दिसली.

मग मला जगदीश दिसू लागला. डोळे मिटले की तो "मारला, मारला" म्हणायचा. मला वाटायला लागलं, जोडात आधीच तडा असणार, याने तो बघितला असणार, आणि जाड राखाडी थराखाली गाडून टाकला असणार. एका शनिवारी, कविताला सुट्टी होती तेव्हा, आम्ही चाकं, चिमटा, सगळं उतरवलं आणि नुसती फ्रेम रिक्षात घालून खोपोलीच्या त्या शेडवर गेलो.

जगदीशने तू गेल्याचं ऐकलं होतं. कविताला पाणी दिलं, दोन शब्द बोलला. मग मी फ्रेम पुढे केली आणि रेघेवर बोट ठेवलं. त्याने रेघ बघितली, मग मला बघितलं.

"केस करायची आहे का मास्तर?"

"खरं काय ते कळायला हवं आहे."

"म्हणजे केसच."

"केस नाही हो," कविता म्हणाली. "काकांना झोप येत नाहीये."

मी सरळ विचारलं, "आत तडा होता का? पुट्टी भरून रंगवलीत का?"

"भट्टीत पुट्टी राहते का? तुम्हाला माहीत नसेल तर बाळारामशेठना विचा..." तो मध्येच थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "रंग काढतो. सगळा. पण तुमच्यासमोर, आणि मी मोबाइलवर शूटिंग करणार. उद्या कोणी म्हणायला नको की तडा मीच बुजवला."

मी म्हणालो, "मीही करणार."

बाळाराम, तू हे बघायला हवं होतंस. एक माणूस काचेच्या पेटीत हात घालून तुझ्या फ्रेमवर वाळूचा फवारा मारतोय, एका बाजूने जगदीश त्याचं चित्रण करतोय, दुसऱ्या बाजूने मी जगदीशचं. तू गेल्यानंतर कविता पहिल्यांदा हसली ती तिथे. हसता हसता तोंड ओढणीत खुपसून रडली.

तुझा रंग लवकर निघेना. रबरासारखा धरून बसला होता. कडेकडेने विरत गेला तेव्हा फिक्या राखाडीच्या खाली दुसरा, गडद थर उघडा पडला. प्रायमर. मारला होता. मग तोही गेला आणि पांढरंशुभ्र पोलाद वर आलं. गंजाचा एक ठिपका नाही. मी जोडावर नख फिरवलं. गुळगुळीत. तरी माझं समाधान होईना. तू शिकवल्याप्रमाणे जोडाला रॉकेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड फासली. तडा असेल तर मुरलेलं रॉकेल वर येतं आणि खडूत ओली रेघ उमटते, हे तूच मला दाखवलं होतंस. आम्ही तिघं त्या खडूकडे बघत बसलो. खडू पांढराच राहिला. रेघ फक्त रंगाला होती, पोलादाला नाही.

"पटलं का काका?" कविता म्हणाली.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. जगदीशवर नाही. त्याने फ्रेम पुसून, कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाला, "उघडं पोलाद आहे, आजच काहीतरी मारून घ्या, दव पडतंय." मी म्हणालो, आज नको. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, मला कोणीतरी गुन्हेगार हवा होता. जगदीश सापडला असता तर तुझं जाणं मला निदान कुणाच्या तरी माथी मारता आलं असतं.

पण मग रंगाला रेघ कशी पडली? चिमटा कसा वाकला? हे अजून उरलंच होतं. मी भिवपुरीच्या पुढे त्या जागी गेलो. रस्त्याच्या कडेला चिंचेखाली एक बाई काकड्या आणि शिराळी घेऊन बसते. तू गेलास तेव्हा ती तिथेच होती, हे टेंपोवाल्याने कविताला सांगितलं होतं. मी दोन काकड्या घेतल्या आणि विचारलं. तिने मला खालून वर न्याहाळलं. मी पोलीस आहे की काय, असं तिच्या मनात आलं असावं.

"त्यांचा मित्र आहे मी," म्हणालो. "लोक म्हणतात सायकलीवरून पडले."

"कोन म्हनतं? पडले नाय ओ. चांगले उतरले. सायकल चिंचेला टेकवली. मंग माज्यापाशी आले नि खाली बसले. पानी हाय का बोलले. मी बाटली देली, नवीनच होती." ती थांबली. "तर झाकान बगितलं त्यांनी. फिरवून फिरवून. सील हाय का नाय. मी बोलले, बाबा, पी आता, इख नाय त्यात. तवा हसले नि पेले. मंग चिंचेला पाठ लावली. मला वाटलं, डोळा लागला."

मी मान खाली घालून काकड्या पिशवीत भरत राहिलो. ती पुढे सांगत होती. टेंपोवाला थांबला, दोघातिघांनी तुला पुढे बसवलं. सायकल मागे टाकली. टेंपोत फरशीच्या लाद्यांची खोकी होती. दवाखान्यापर्यंत ती सगळी खोकी तुझ्या सायकलीवर आदळत गेली असणार. चिमटा तिथे वाकला, रंग तिथे तडकला.

शेवटच्या क्षणी तू बाटलीचं सील बघत होतास. बाळाराम, मी त्या चिंचेखाली हसलो. बाईला काय वाटलं असेल देव जाणे.

संध्याकाळी पोशीरला आलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. फ्रेम चांगली होती, जगदीशने फसवलं नव्हतं, तू पडला नव्हतास. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. लाकूड आत सरकवत म्हणाल्या, "मला ठावं होतं."

"काय ठाऊक होतं?"

"श्रावनापासनं छातीत जड होतं त्यांच्या. चढ चढताना. कर्जतच्या डाक्टरनी सांगितलं होतं, मुंबईला जाऊन तपासनी करा, उशीर नको. हे घरी आले नि बोलले, सगळ्यांचं साटंलोटं असतं, ह्याचं तिकडं कमिशन असंल. डाक्टरचा कागद ठेवून देला फळीवर."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी शपत घातली. मास्तरला सांगू नको बोलले. नायतर तो मला वडत नेईल." त्यांनी पदराने डोळे पुसले, धुरामुळे असेल. "आन् तुमी आल्यावर मी बोलले नाय कारन तुमी सायकलीला धरून बसला व्हता. म्हटलं, धरूं दे. मी बोलले असते तर मंग माजं नाव आलं असतं. बाईनं सांगितलं नाय, म्हनून गेला."

"मी तसं म्हणालो नसतो वहिनी."

"म्हनला नसतात. पन वाटलं असतं."

त्या घरातून परत येताना तुला मी वाटेल ते बोललो, मनातल्या मनात. एजंटवर संशय घेतलास तेव्हा माझं कल्याण झालं. साहेबांवर घेतलास, ट्रक बघून आलास, ठीक. रंगवाल्यावर घेतलास, तेही चाललं. पण खरं बोलणारा एक माणूस भेटला, तुझं बरं व्हावं म्हणून सांगणारा, आणि त्यालाही तू बाकीच्यांच्या रांगेत उभं केलंस! जगदीशला 'मारला आसंल' म्हणू शकलास, मग डॉक्टरला 'खरं आसंल' का नाही म्हणालास? मी तुला ओढत नेलंच असतं. तेच तुला नको होतं. चढावर तू मागे पडायला लागला होतास, आणि मी म्हणायचो, आज गिअर नीट पडत नाहीत वाटतं. तू म्हणायचास, व्हय, गिअरच.

या सगळ्यात फ्रेम माझ्या पडवीत कागदात तशीच राहिली. कविता एका सकाळी आली आणि कागद उघडला तर पोलादावर तांबूस झाक चढलेली. बोटाला लागत होती.

"काका, हे असंच ठेवणार?"

"काय करायचं तू सांग."

"मला चालवायची आहे. घरापासून नेरळ स्टेशनपर्यंत. रोज शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आलाय." मग तुझ्यासारखीच डोळे बारीक करून तिने विचारलं, "खरं सांगा, रंग टिकेल कुठला? स्टेशनवर दिवसभर उन्हापावसात उभी राहणार. शेजारच्या गाड्या अंगावर आपटणार."

मी तोंड उघडलं ते स्प्रेची बाजू मांडायला. इतकी वर्षं मांडलेली, पाठ होती. आणि डोळ्यांसमोर आला तो फवाऱ्याखाली हटून बसलेला तुझा राखाडी थर, आणि त्याखालचं एकही ठिपका नसलेलं पोलाद. वर लादीची खोकी आदळूनही रंगाला पडली ती एक रेघ. म्हणालो, "पावडर. खाली जस्ताचा प्रायमर, वर उन्हात न विटणारी पावडर. टवका उडाला तर लगेच मला दाखवायचं, ओल शिरायच्या आत."

ती म्हणाली, "बाबा म्हणायचे, मास्तर मेला तरी पावडर म्हणणार नाही."

"रंग फिका घे," मी म्हणालो, "म्हणजे गंज फुटला तर..."

"नको काका. गडद निळा घेणार मी. सारखा सारखा गंज शोधत नाही बसायचं मला."

मी वाद घातला नाही. जगदीशने हलका फवारा मारून तांबूस झाक काढली, स्क्रूचे आटे झाकले, प्रायमर आणि पावडर उडवून भट्टीत भाजली, आणि निवल्यावर नळ्यांच्या आतून तेल सोडलं. गडद निळी झाली आहे. तुला आवडली नसती. नवा चिमटा, नवं चाक घालून कविता सोमवारपासून नेतेय. परवा नेरळला मी तिला दुरून पाहिलं. पुलाखाली कुलूप लावलं, एकदाही मागे वळून बघितलं नाही आणि जिना चढून गेली.

आता एकच राहिलं आहे. त्या संध्याकाळी पोशीरहून निघताना वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या बुधवारी तू इस्त्रीचा शर्ट घातला होतास. भाताची माणसं वगैरे काही येणार नव्हती. "कर्जतला जाऊन येतो, येवढंच बोलले," त्या म्हणाल्या. "मास्तरकडं का, विचारलं तर नाय बोलले. आन् फळीवरचा कागद बगितला तर जागेवर न्हवता."

कागद तुझ्या खिशात मिळाला नाही. चिंचेखाली पडला असेल, टेंपोत गेला असेल. तू तो रागाने चुलीतही घातला असशील. तुझ्या बाबतीत काही सांगता येत नाही. कर्जतमध्ये तुला माझ्याशिवाय दुसरं काम असायचं नाही, पण बँक आहे, तहसील कचेरी आहे, इस्त्रीचा शर्ट घालून जाण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत.

तुला मुंबईला जा म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांचा दवाखाना माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. भाजीला जाताना मी रोज त्याच्यावरून जातो. बाहेर बाकावर पेशंट बसलेले असतात, आत कंपाउंडर नावं पुकारत असतो. त्या बुधवारी बाळारामने फोन करून नंबर लावला होता का, एवढंच विचारायचं. तो अर्ध्या मिनिटात सांगेल. तू माझ्या जागी असतास तर पहिल्याच दिवशी आत शिरला असतास.

मी आत गेलो नाही. तू तिकडेच निघाला होतास, असं मी धरून चाललो आहे. तपासलेलं नाही.